आग्या मोहोळ चावलं आणि अटॅक आला: अ‍ॅलर्जीनं हृदयाची नळी आखडते का?

कपाशीवाला · रविवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. दवाखान्याचे कागद पुढ्यात घेऊन बसलोय आणि अर्धं कळत नाहीये, म्हणून हा धागा.

आमचं गाव पांढरकवड्याच्या पुढं, टिपेश्वरच्या जंगलाला लागून. मोहफुलं पडायला लागली की पहाटेच माणसं झाडाखाली. वेचायला सोपं जावं म्हणून आधी खालचा पालापाचोळा जाळतात, हे इकडच्यांना सांगायला नको. यंदा कुणीतरी तसाच जाळ लावला, धूर गेला शेजारच्या वडावर, आणि वडावर आग्या मोहोळाची चार पोळी. माझे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका, बैल सोडायला निघाले होते, तेच सापडले. दुपट्टा डोक्यावर घेऊन पळाले तरी पंधरा-वीस डंख बसलेच.

दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. मग म्हणाले, छातीवर तुरीचं पोतं ठेवल्यासारखं वाटते, डावा हात ओढते. घाम तर बनियान पिळून घ्यावी इतका. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं, भीती बसली आहे, थोडा गॅस आहे. एक सुई टोचली आणि खाटेवर निजवलं. ईसीजी काढा म्हटलं तर उत्तर मिळालं, "माशी चावल्यावर कुठं ईसीजी काढतात?" माझा चुलतभाऊ मुळात भांडकुदळ, आयुष्यात पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला. त्यानं बाबांना उचलून पुढच्या दवाखान्यात नेलं. तिथं ईसीजीची पट्टी पाहून डॉक्टर एकदम गप्प झाले. मग १०८ मधून थेट नागपूर, दीडशे किलोमीटर.

नागपुरात अँजिओग्राफी झाली तर नळ्या मोकळ्या! ट्रोपोनिन मात्र वाढलेलं. म्हणजे हृदयाच्या स्नायूला मार बसला, पण अडथळा कुठंच नाही. कार्डावर लिहिलंय 'कौनिस सिंड्रोम, टाईप १'. मोठेबाबांचं वय ५८. शुगर नाही, बीपी नाही, खर्रा सोडला तर कोणतंच व्यसन नाही.

मधमाशीच्या डंखानं अटॅक येतो हे खरं का? आणि पुढं काय जपायचं? मोठीआईनं त्यांना शेतात जाणंच बंद केलंय, दही बंद, वांगं बंद, जे सुचेल ते बंद.

बोंडअळी · रविवार, रात्री १०:०५

"खर्रा सोडला तर कोणतंच व्यसन नाही." राजेहो, हे वाक्य फक्त आपल्या इकडंच लिहिता येते. पाणी सोडलं तर विहीर कोरडीच हाय म्हणा ना.

मजाक जाऊ द्या. आमच्या गावात बी असंच झाल्तं. लोकं मयतीले गेल्ते, सरणाचा धूर गेला मोहोळावर. सारे पळाले, एक बुवा तिथंच बसला आन् बसला तो उठलाच नाई. म्हातारे म्हणे, मेलेल्यानं सोबत नेला. तुमचं वाचून वाटून रायलं का त्याचं बी हेच झालं असन.

नाडीपरीक्षा · सोमवार, सकाळी ६:५०

कपाशीवाला, आजार खरा आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन आहे, असे रुग्ण पाहिले आहेत. ओपीडी सुरू व्हायला वेळ आहे तोवर लिहितो.

अ‍ॅलर्जी आणि हृदय यांचा संबंध जुनाच. १९५० साली अमेरिकेत पेनिसिलिनची रिअ‍ॅक्शन चालू असतानाच हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला. पण तेव्हा त्याकडे योगायोग म्हणूनच पाहिलं गेलं. १९९१ मध्ये ग्रीसमधले निकोलस कौनिस आणि त्यांचे सहकारी झाव्रास यांनी नीट मांडलं की अ‍ॅलर्जीच्या झटक्यात हिस्टामाइन आणि तशीच इतर रसायनं सुटतात, त्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि त्यातून अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत कळ, होतो. आजाराला नाव त्यांचंच पडलं.

हे घडतं कसं? आपल्या शरीरात मास्ट पेशी असतात. पॉल एर्लिखनं १८७८ मध्ये आपल्या प्रबंधात त्यांना हे नाव दिलं. आत दाणेच दाणे भरलेले दिसले, म्हणून 'खाऊन टम्म झालेल्या' अशा अर्थाचा जर्मन शब्द त्यानं वापरला. रानडुकरांसाठी आपण रात्री जागलीला बसतो ना, तशी ही पेशी बसलेली असते: त्वचेत, नाकात, फुप्फुसात, आतड्यात. आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भोवतीही. हातात फटाक्यांची पिशवी. ज्याला आधी कधीतरी डंख झालेला आहे, त्याच्या शरीरानं त्या विषाविरुद्ध 'आयजीई' नावाच्या प्रतिपिंडांची जमवाजमव केलेली असते, आणि ती या पेशीवर चिकटून असतात. पुन्हा तेच विष आलं की पिशवी एकदम उलटी होते. डुक्कर राहतं बाजूला, पऱ्हाटीच पेटते.

पिशवीत असतं काय ते महत्त्वाचं. हिस्टामाइन आणि ल्युकोट्राइन्स नळी आखडवतात. कायमेज नावाचा विकर अँजिओटेन्सिन-२ तयार करतो, तोही नळी आवळणाराच. ट्रिप्टेज आणि कायमेज मिळून नळीत साठलेल्या चरबीच्या गाठीवरचं कोलॅजनचं पापुद्र्यासारखं झाकण पोखरायला मदत करतात. आणि प्लेटलेट्स चिकटायला लागतात. एकाच स्फोटात आकुंचन, फाटणं आणि गुठळी, तिन्हीची सोय.

म्हणून तीन प्रकार. टाईप १ मध्ये नळी मुळात साफ, ती फक्त आखडते. नागपूरला पोचेपर्यंत आखडलेली नळी सुटली असणार, म्हणून अँजिओत मोकळी दिसली. टाईप २ मध्ये आधीच चरबीची गाठ असते आणि अ‍ॅलर्जीच्या धक्क्यात ती फुटते. टाईप ३ मध्ये नळी उघडी ठेवायला आधी बसवलेल्या स्टेंटमध्ये, म्हणजे जाळीच्या नळकांड्यात, गुठळी होते. मोठेबाबा पहिल्या गटातले, म्हणजे त्यातल्या त्यात नशीबवान.

पेशंट आले. बाकीचं संध्याकाळी.

तर्कट · सोमवार, दुपारी १:२०

डॉक्टरसाहेब, छान लिहिलंत, पण माझी शंका घ्या. पंधरा-वीस डंख म्हणजे विषही बऱ्यापैकी गेलं. माणूस जिवाच्या आकांतानं पळाला, म्हणजे भीती आणि श्रम दोन्ही. वरून वर्षानुवर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू. यातलं एकेक कारण हृदयाला पुरेसं आहे. मग खापर अ‍ॅलर्जीवरच का? आजकाल कशालाही 'अ‍ॅलर्जी आहे' म्हणायची फॅशन आहे, आमच्याकडे तर एका पोराला अभ्यासाची अ‍ॅलर्जी निघाली.

उपकेंद्रावरची · सोमवार, दुपारी ३:४५

मी सिस्टर आहे, बावीस वर्षं खेड्यातच. कपाशीवाला दादा, तुमच्या मोठेबाबांना पहिल्या दवाखान्यात कोणती सुई दिली ते विचारा. बहुतेक ठिकाणी अ‍ॅविल आणि डेक्सा. नातेवाईकांनाही तीच ओळखीची, 'अ‍ॅलर्जीची सुई' म्हणतात. पण ओठ सुजले, आवाज बसला, बीपी उतरलं की पहिलं औषध अ‍ॅड्रेनलीन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिलीटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. अ‍ॅविल-डेक्सा नंतरचं. परदेशात पेनासारखी तयार सुई लोक खिशात ठेवतात, आपल्याकडे गावात अँप्युल आणि सिरिंज. अँप्युल असते ट्रेमध्ये, पण हात धजावत नाही, कारण 'हार्टचा पेशंट आहे, अ‍ॅड्रेनलीननं काही झालं तर?'

नांगीचंही सांगते. मधमाशीची नांगी अंगातच राहते आणि मागची पिशवी विष ढकलत राहते. चिमट्यानं काढायची की नखानं खरडायची यावर वाद घालत बसू नका, जमेल तशी पण लगेच काढा. गांधीलमाशी नांगी सोडत नाही, तीच परत परत टोचते. आणि एक माशी चावली की तिथं पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्यांना बोलावणं असतं. म्हणून पहिल्या डंखालाच पळायचं, झटकत उभं राहायचं नाही.

नाडीपरीक्षा · सोमवार, रात्री ८:३०

तर्कट, शंका रास्त आहे. एकेक घेतो.

खूप डंख झाले तर विष स्वतःच अपाय करतं. स्नायू विरघळतात, किडनी बंद पडते. त्याला अ‍ॅलर्जी लागत नाही. पण ती गोष्ट बहुधा शेकडो डंखांत दिसते, आणि दहा मिनिटांत अंगभर गांधी हे तर अ‍ॅलर्जीचंच लक्षण. भीतीनंही हृदय बिघडतं. त्याला ताकोत्सुबो म्हणतात, जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला वापरतात त्या मडक्याचं नाव. त्यात हृदयाचा खालचा भाग मडक्यासारखा फुगतो, सोनोग्राफीत दिसतो, आणि जास्त करून पाळी गेलेल्या बायकांमध्ये आढळतो. खर्ऱ्याबद्दल वाद नाही. तंबाखूनं नळीचं आतलं अस्तर खराब होतं. निरोगी अस्तरात हिस्टामाइन नळी सैल करायलाही मदत करतं, खराब अस्तर असेल तर तेच हिस्टामाइन तिला आखडवतं. म्हणजे खर्रा आणि माशी मिळून काम केलं असणं अगदी शक्य आहे.

खात्री करायला रक्तातलं ट्रिप्टेज तपासतात. झटक्यानंतर पहिल्या एक-दोन तासांत रक्त घेतलं तर उत्तम, आणि २४ तासांनंतर पुन्हा तुलनेसाठी. सकाळी मोहाखाली पडलेला माणूस नागपूरला पोचतो तेव्हा ही वेळ बरेचदा निघून गेलेली असते. मग उरतो तो घटनाक्रम: डंख, गांधी, सूज, आणि त्या पाठोपाठ छातीत कळ आणि ईसीजीतला बदल. डॉक्टरला हा क्रम सांगणारा नातेवाईक हवा. तुमचा भांडकुदळ भाऊ, उदाहरणार्थ.

सिस्टर, तुमचा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. अ‍ॅड्रेनलीन नळी आणखी आखडवू शकतं, ठोके बिघडवू शकतं, विशेषतः शिरेतून भसकन दिलं तर. म्हणून कौनिसमध्ये डॉक्टर कात्रीत सापडतात. पण घसा सुजतोय, बीपी पडतंय, अशा वेळी मांडीत योग्य मात्रेनं दिलेलं अ‍ॅड्रेनलीन जीव वाचवतं आणि ते द्यायचंच. हृदयरोग आहे म्हणून ते रोखून धरायचं नाही. नेहमीच्या अटॅकची औषधंही इथं जपून. मॉर्फिन मास्ट पेशींना आणखी डिवचतं. जिभेखालची सॉर्बिट्रेट बीपी आधीच पडलेलं असेल तर आणखी पाडते. आणि रुग्ण आधीपासून बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयासाठीची, ठोके मंदावणारी गोळी) घेत असेल तर अ‍ॅड्रेनलीनचा उपयोगच कमी होतो, मग ग्लुकागॉन नावाचं दुसरं औषध लागतं.

कपाशीवाला, तुमच्या कार्डावर डिल्टियाझेम किंवा अम्लोडिपिनसारखं काही आहे का बघा. आखडणाऱ्या नळीला ती गोळी सैल ठेवते.

वर्धेची_सून · मंगळवार, सकाळी १०:१५

माझा प्रश्न माशीचा नाही, धुळीचा. आमच्याकडे ऑक्टोबरात सोयाबीन काढायचं झालं की हडंबा (मळणीयंत्र) लागतो आणि आठ दिवस सासऱ्यांना दम. कुटाराची धूळ घरात, गोठ्यात, चहातसुद्धा. त्यात बांधावर गाजर गवत. दमा तर आहेच, पण आता वाचून धास्ती बसली, रोज रोजच्या अ‍ॅलर्जीनं हृदयाच्या नळ्याही खराब होतात का?

तर्कट · मंगळवार, सकाळी १०:४०

सोयाबीनच्या धुळीवरून आठवलं, हा विषय माझ्या आवडीचा. बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात ठरावीक दिवशी अचानक दम्याचे रुग्ण दवाखान्यात लोटायचे, काही दगावले. कारण सापडेना. हवामान तपासलं, प्रदूषण तपासलं. शेवटी बंदरातल्या नोंदी लावून पाहिल्या तर त्या त्या दिवशी जहाजातून सोयाबीन उतरवलेलं! धान्य साठवायच्या एका उंच कोठीला धूळ अडवणारी गाळणीच नव्हती. गाळणी बसवली आणि साथ थांबली. सोयाबीनच्या सालातलं प्रथिन हे त्याचं मूळ. म्हणजे ताई, सासऱ्यांची तक्रार नाटक नाही.

(जिनिंगच्या धुळीची गोष्ट वेगळी. कापसाच्या धुळीत जंतूंची विषं असतात, सुटीनंतर सोमवारी कामावर आलं की छाती आवळते. तो त्रास आयजीईवाल्या अ‍ॅलर्जीचा नाही.)

नाडीपरीक्षा · मंगळवार, रात्री ९:१०

वर्धेची_सून, इथं मी जपून बोलणार. माशीनं एका तासात नळी आखडणं ही एक गोष्ट, आणि वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या अ‍ॅलर्जीनं नळीत चरबीची गाठ वाढणं ही दुसरी. पहिली डोळ्यांदेखत दिसते. दुसरीसाठी पुरावे आहेत, पण तुकड्यातुकड्यांत.

१९९० च्या दशकात फिनलंडमधल्या पेट्री कोव्हानेन यांच्या गटानं दाखवलं की हृदयाच्या नळीतल्या गाठीचा जो कडेचा भाग फाटतो, नेमक्या तिथं मास्ट पेशी गोळा झालेल्या असतात. २००७ मध्ये बोस्टनच्या गटानं मास्ट पेशी नसलेल्या उंदरांवर प्रयोग केले, त्यांच्या रक्तवाहिन्यांत गाठी लहान राहिल्या. माणसांत, अमेरिकेतल्या 'मेसा' अभ्यासात ६,७९२ लोकांचा दहाएक वर्षं पाठपुरावा झाला. त्यात रोज औषध लागणाऱ्या, कायम दमा असलेल्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दमा नसलेल्यांपेक्षा सुमारे १.६ पट निघाला. कधीमधी दमा होणाऱ्यांत तसा ठळक फरक दिसला नाही.

पण मग आयजीई दाबणारं औषध दिलं की हृदय वाचेल, असं समजू नका. ओमालिझुमॅब नावाचं तसं औषध दम्यासाठी आहे, आणि त्याच्याच माहितीपत्रकात २०१४ साली अमेरिकेच्या औषध नियामकानं हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या किंचित वाढलेल्या धोक्याची सूचना घालायला लावली. गणित इतकं सरळ नाही. दमेकरी माणूस कमी चालतो, स्टेरॉइडच्या गोळ्या खातो, चुलीच्या धुरात बसतो, यातलं प्रत्येक हृदयाच्या वाटेवर येतं.

सासऱ्यांसाठी मी एवढंच सांगेन: इनहेलर नियमित, हडंब्याजवळ ओला दुपट्टा किंवा मास्क, आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसायचं. त्यांचं बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल एकदा तपासून घ्या. दम लागतो तो प्रत्येक वेळी फुप्फुसाचाच असतो असं नाही, चालताना जबड्यात किंवा खांद्यात कळ येते का तेही विचारा.

बोंडअळी · मंगळवार, रात्री ९:३५

आन् इंचू? आमच्या इकडं इंचू चावला का बी छाती धडधडते. अन् गोचीड? दिवसभर ढोरात रायतो मी.

नाडीपरीक्षा · मंगळवार, रात्री ९:५५

विंचवाचा मार्ग निराळा. त्याचं विष शरीरातल्याच अ‍ॅड्रेनलीनसारख्या रसायनांचा पूर आणतं, त्यानं हृदय दमतं आणि फुप्फुसात पाणी होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध वापरून शेकडो जीव वाचवले, ते याच कारणानं. तिथं अ‍ॅलर्जीची औषधं कामाची नाहीत. म्हणून 'काय चावलं' हे सांगणं फार महत्त्वाचं.

गोचिडाचं मात्र गमतीशीर आहे. अमेरिकेतल्या एका जातीचं गोचीड चावलं की काही लोकांना 'अल्फा-गॅल' नावाच्या साखरेची अ‍ॅलर्जी जडते आणि मग मटण-बीफ खाल्ल्यावर तीन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात. २०१८ मध्ये व्हर्जिनियातल्या संशोधकांनी ११८ जणांच्या हृदयाच्या नळ्या तपासल्या, ज्यांच्या रक्तात या साखरेविरुद्धचं आयजीई होतं त्यांच्यात चरबीच्या गाठी जास्त निघाल्या. ते गोचीड तिकडचं, आपल्या ढोरांवरचं वेगळं. तुम्ही रात्रीची झोप उडवू नका.

मेळघाटी · बुधवार, सकाळी ७:००

नळीतल्या सुजेवर कोल्चिसिन नावाचं औषध देतात असं वाचलं. ते आपल्या कळलावीत असतं ना? इकडं पावसाळ्यात कुंपणाकुंपणावर फुलते.

नाडीपरीक्षा · बुधवार, सकाळी ७:०५

नको!! कंदाला हातसुद्धा लावू नका. कळलावीत कोल्चिसिन असतं हे खरं, आणि म्हणूनच तो कंद खाऊन माणसं मरतात. हृदयासाठी दिवसाला अर्धा मिलिग्रॅम देतात, तेही रक्त आणि किडनी तपासून. २०२० मध्ये साडेपाच हजार हृदयरुग्णांवर झालेल्या अभ्यासात त्यानं झटके वगैरे ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण ती सूज वेगळ्या वाटेची आहे, माशीच्या डंखाशी तिचा थेट संबंध नाही.

कपाशीवाला · शुक्रवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. कार्ड पाहिलं, डिल्टियाझेमच आहे, डॉक्टरसाहेब बरोबर निघाले. पहिल्या दवाखान्यातली सुई अ‍ॅविलच होती, सिस्टरताईंचाही अंदाज खरा.

काल पुन्हा नागपूरला दाखवून आलो. तिथं सांगितलं की डंखाच्या अ‍ॅलर्जीवर विषाची थोडी थोडी मात्रा वाढवत देण्याचा उपचार आहे, पण तो लांबलचक आणि मोजक्या ठिकाणीच मिळतो. तोवर एक चिठ्ठी लिहून दिली, मधमाशीची अ‍ॅलर्जी, कौनिस, अमुक गोळी चालू, अ‍ॅड्रेनलीन द्यावे. ती प्लास्टिकमध्ये घालून मोठेबाबांच्या खिशात ठेवलीय. मोठीआईनं दही-वांगं परत सुरू केलं, डॉक्टर हसले म्हणून.

खर्ऱ्यावरून घरात रोज भांडण आहे. चिठ्ठी ज्या खिशात आहे त्याच खिशात काल पुडी सापडली.

बोंडअळी · शुक्रवार, रात्री १०:३१

आन् वडावरच्या मोहोळाचं काय केलं?

कपाशीवाला · शुक्रवार, रात्री १०:४४

आहे तिथंच. माणसं लावून काढू म्हटलं तर मोठेबाबाच नाही म्हणाले. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून येतंय म्हणे ते, मोह संपला की आपोआप उठून जाईल. यंदा पालापाचोळा जाळायचा नाही, झाडाखाली जुन्या साड्या अंथरायच्या, एवढं तेवढं ठरलंय. पाटलांच्या वाडीतले तयार नाहीत अजून.